दहा शेळ्या, एक बोकड आणि करडं जगवायची धडपड

शेळ्या आणायच्या आधी आम्ही शेवरी लावली, म्हणजे शेळ्यांना पाला देणारं झाड. हे मी मुद्दाम पहिल्यांदा सांगतेय, कारण माझ्याकडे जे कोणी विचारायला येतं ते शेळी केवढ्याला पडली, शेडला किती गेले, अनुदान मिळालं का इथूनच सुरू करतं, चाऱ्याचं कोणी विचारतच नाही. आमचं गाव औसा तालुक्यातलं. जमीन चार एकर, त्यातली निम्मी हलकी, सोयाबीन-तूर आणि जमलंच तर हरभरा, पाणी म्हणजे एक बोअर, तो मार्चनंतर तासभर चालला तरी खूप. नवरा लातूरला एमआयडीसीत कामाला जातो. मी बीए झालेले, लग्नानंतर काही वर्षं पुण्यात होतो, परत आलो तेव्हा घरी सासूबाईंच्या दोन शेळ्या होत्या, काळ्याभोर, कानावर पांढरे ठिपके, अस्सल उस्मानाबादी. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजहून रेल्वेनं पाणी आणलं होतं ना, त्या वर्षी घरची बैलजोडी आणि गाय दोन्ही विकावं लागलं, पण शेळ्या राहिल्या, बाभळीच्या शेंगा आणि बांधावरचा पाला खाऊन निघाल्या त्या. सासूबाई तेव्हापासून म्हणायच्या, "वाढवायचं तर हे वाढवा, बाकी काय ह्या मातीत टिकत नाही." तिथून हा विचार डोक्यात बसला.

तर चारा. मोठ्या शेळीला दिवसाला तीन-चार किलो हिरवं लागतं, किलोभर वाळलं, आणि गरजेप्रमाणे पाव किलोपर्यंत खुराक. दहा शेळ्या धरल्या तर रोज चाळीस किलो हिरवं. आम्ही अर्धबंदिस्त करायचं ठरवलं, म्हणजे दिवसा चार-पाच तास चरायला आणि बाकी वेळ वाड्यात, त्यामुळं निम्मं बाहेरून भागतं असं धरलं तरी उन्हाळ्यात बाहेर काही नसतं तेव्हा ते चाळीस किलो आणायचे कुठून? म्हणून पंधरा गुंठे आधी चाऱ्याला दिले. शेवरी जास्त, बांधाला सुबाभूळ आणि हादगा, बोअरजवळ थोडा मेथीघास, एका पट्ट्यात दशरथ घास. सुबाभूळ शेळ्या आवडीनं खातात आणि ती तगतेही चांगली पण नुसती तीच घालायची नाही, तिच्यात मायमोसीन असतं, जास्त झालं की केस गळतात, आम्ही एकूण हिरव्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर जाऊ देत नाही. वाळल्याची इकडं काळजी नाही, सोयाबीनची गुळी आणि तुरीचं भुसकट घरचंच, फक्त पाऊस लागायच्या आत ताडपत्रीखाली गेलं पाहिजे, बुरशी लागलेली गुळी गाभण शेळीनं खाल्ली तर गाभडायची भीती असते.

आणि ज्वारी. आमच्याकडं कोवळ्या ज्वारीनं जनावर जातं हे लहान पोरालाही माहीत असतं, किराळ लागणं म्हणतात, पण पावसानं ताण दिल्यावर खुरटलेल्या ज्वारीत आणि कापून गेलेल्या ज्वारीच्या फुटव्यात ते विष जास्त असतं हे बऱ्याच नवीन लोकांना माहीत नसतं. चरायला नेणाऱ्यानं कुठल्या रानात काय उभं आहे हे बघूनच पुढं जायचं, हा आमच्यात पक्का नियम.

शेडवर मी फार लिहिणार नाही, त्याच्यावर सगळेच लिहितात. लांबी पूर्व-पश्चिम, मोठ्या शेळीला आत दहा-बारा चौरस फूट आणि बाहेर मोकळं त्याच्या दुप्पट, खाली मुरूम, कोबा नाही कारण मुताची ओल मुरत नाही. जुने पत्रे होते ते वापरले. एक गोष्ट मात्र जरूर करा, गव्हाणीला मान जाईल एवढीच फट ठेवा. शेळी गव्हाणीत पाय घालते, लेंड्या टाकते, आणि मग तोच चारा तोंडात घेत नाही. पाल्याच्या पेंढ्या तर आम्ही वरून टांगूनच देतो, मान वर करून खायला शेळीला आवडतं आणि वाया काही जात नाही.

खरेदी. हाळी-हंडरगुळीचा बाजार आम्ही बघून आलो, पण बाजारातून एकही घेतली नाही. बाजार वाईट असतो असं नाही, तिथं भाव कळतो, जनावर बघायची नजर येते, पण दहा गावच्या शेळ्या एका जागी दाटीनं उभ्या असतात आणि पीपीआर, म्हणजे शेळ्यांची बुळकांडी, तिच्यासारखा रोग अशाच ठिकाणाहून घरी येतो. शिवाय कोणी सकाळी मीठ-पाणी पाजून पोट टम्म करून आणलेलं असतं, कोणाची शेळी का विकली जातेय ते कळत नाही. आम्ही आजूबाजूच्या गावात दारात जाऊन घेतल्या. दारात गेलं की तिची आई दिसते, आधीची करडं दिसतात, जुळी देते का ते शेजारी सांगतो. सासूबाई बरोबर असायच्या, त्या आधी दात बघायच्या. दुधाचे दात असतील तर वर्षाच्या आतली, दोन दाती म्हणजे वर्ष-सव्वा वर्षाची, चार दाती म्हणजे दोनच्या आसपास, आठ दाती जुळली म्हणजे वय झालं. आम्ही दोन दाती आणि चार दातीच घेतल्या. मग कास, दोन्ही सड सारखे, दाबल्यावर आत गाठ नको. मग डोळ्याची खालची पापणी ओढून बघायची, आत लालसर गुलाबी पाहिजे, पांढरट असेल तर पोटात जंत आहेत आणि अंगात रक्त नाही. आठ घेतल्या, साधारण साडेनऊ हजाराला एक पडली, घरच्या दोन धरून दहा. बोकड चौदा हजाराचा, लांबच्या गावचा, जुळ्यातला.

आणल्यावर तीन आठवडे त्या घरच्या दोघींपासून लांब, शेताच्या टोकाला ठेवल्या. लोक म्हणायचे एवढं काय. ह्या तीन आठवड्यात जंताचं औषध, पीपीआरची लस, मग दोन आठवडे सोडून आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यात विष होऊन शेळी जाते त्या रोगाची. पीपीआरची एकदा दिली की तीन वर्षं बघायला लागत नाही, आंत्रविषाराची दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आणि पहिल्यांदा देताना परत एक बूस्टर. पुढच्याच हिवाळ्यात जवळच्या एका गावात पीपीआर आला, ताप, नाका-डोळ्यातून घाण, तोंडात फोड, हगवण, आणि एका कुटुंबाचा अख्खा कळप आठवड्यात निम्मा झाला. आमच्याकडं एकही आजारी पडली नाही. लस सरकारी दवाखान्यात मिळते, नुसतं वेळेवर जाऊन मागावं लागतं.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते. शेळीपालनाचं सगळं गणित करडू जगण्यावर आहे. शेळी जुळं देते, तिळं देते, दोन वर्षांत तीन वेतं होतात, हे सगळं कागदावर खरं आहे, पण जन्मलेल्यातली पहिल्या तीन महिन्यांत किती राहिली ह्याच्यावर पैसा होतो की जातो ते ठरतं, आणि त्याची तयारी करडू पोटात असताना करावी लागते.

आम्ही बोकड वेगळा बांधतो. शेळीचं गाभणपण पाच महिन्यांचं, साधारण दीडशे दिवस, त्यामुळं मे-जूनमध्ये भरवलं, म्हणजे बोकड दाखवला, की करडं ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात, पाऊस गेलेला असतो, थंडी फार नसते, रानात पाला असतो. बोकड वर्षभर कळपात मोकळा सोडला तर जुलै-ऑगस्टमध्ये पण करडं येतात, आणि ओल्या वाड्यात जन्मलेलं करडू वाचवणं हे मी दुसऱ्यांच्या इथं बघितलंय, फार जीवावर येतं. आठ महिन्यांचं चक्र धरलं तर एक वेत पावसाळ्यात येणारच, म्हणून मी वर्षाला एकच वेत घेते. ज्यांच्याकडं उंच माचाणाचं शेड आहे, खालून हवा खेळते, त्यांनी खुशाल दोन वर्षांत तीन घ्यावीत. माझ्याकडं नाही. माजावर आलेली शेळी ओळखायला अवघड नसते, ओरडते, शेपूट सारखी हलवते, खात नाही, दुसरीवर चढते. माज दिवस-दीड दिवस राहतो. सकाळी दिसली की संध्याकाळी बोकडाकडं न्यायची, वहीत तारीख लिहायची, आणि एकवीस दिवसांनी परत बघायचं. परत ओरडली नाही म्हणजे राहिली.

शेवटचे दीड महिने सगळ्यात महत्त्वाचे. पोटातलं करडू सगळ्यात जास्त वाढतं ते ह्याच काळात, आणि जुळी असली की पोटात जागाच राहत नाही, शेळी एका वेळी थोडंच खाऊ शकते. तेव्हा भरड्याचा खुराक हळूहळू वाढवत पाव किलोपर्यंत न्यायचा, दोन वेळा वाटून. ह्या काळात उपाशी राहिली तर शेळी अंगातली चरबी जाळायला लागते आणि तिथून ती बसते ती उठत नाही. आंत्रविषाराचा डोसही व्यायच्या चारेक आठवडे आधी दिला तर त्याची ताकद चिकातून करडात उतरते. हे मला प्रशिक्षणात डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि मी दहाही शेळ्यांना तसा दिला.

पहिल्या वेताची ती रात्र मला अजून लख्ख आठवते. दिवाळी होऊन थोडे दिवस झालेले. ठिपकी नावाची शेळी दुपारपासून कोपऱ्यात जाऊन पायानं माती उकरायची, उठायची, बसायची, खाल्लं काही नाही. कास टणक भरलेली, शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूला खळगे पडलेले. मी पोतं, टिंक्चर आयोडीन, दोरा, ब्लेड सगळं काढून ठेवलं आणि सारखी आत-बाहेर करत होते तर सासूबाई म्हणाल्या, "तिला कळ यायलीय, तू मधी मधी नको जाऊ. लांब बस." लांब बसले. पाण्याची पिशवी आली, मग पुढचे दोन खूर आणि त्याच्यावर नाक, हे दिसलं की बरोबर येतंय समजायचं. खूर आले आणि नाक नाही, किंवा नुसती शेपूट दिसली आणि अर्ध्या तासात पुढं काही नाही, तर डॉक्टरला फोन. ठिपकीचं पहिलं वीस मिनिटांत बाहेर आलं, दुसरं त्याच्या मागोमाग.

बाहेर आल्या आल्या नाका-तोंडातला चिकटा बोटानं काढायचा, श्वास घेत नसेल तर मागचे पाय धरून उलटं करायचं आणि छाती चोळायची, मग आईपुढं ठेवायचं. चाटू द्यायचं. आपण पुसायची घाई करायची नाही, ती चाटते त्यातूनच ती त्याला ओळखायला लागते. मग नाळ, अंगापासून दोन-तीन बोटं सोडून बांधून कापायची आणि आयोडीनमध्ये बुडवायची, नुसती लावायची नाही, बुडवायची. नाळेतून जंतू गेला की पुढं सांधे सुजतात आणि करडू लंगडं होऊन मरतं. मग सडाच्या पहिल्या दोन-चार धारा काढून टाकायच्या, सडाच्या तोंडाशी बुच बसलेलं असतं ते निघतं, आणि अर्ध्या-एक तासाच्या आत चीक पोटात गेला पाहिजे. वार, म्हणजे जार, पडेपर्यंत थांबा, त्याच्या आधी चीक देऊ नका, असं अजून कितीतरी घरी म्हणतात. वार पडायला कधी सहा-सहा तास लागतात, तोपर्यंत ते करडू थंड पडलेलं असतं. करडाच्या रक्तात रोगाशी लढायचं स्वतःचं काहीच नसतं जन्मताना, जे मिळतं ते चिकातून, आणि तेही पहिल्या काही तासांतच आतड्यातून रक्तात जातं, नंतर नाही. ह्या एका गोष्टीवर मी गावातल्या म्हाताऱ्या बायकांशी पण भांडलेय आणि पुढंही भांडेन. वजनाच्या दहावा हिस्सा दूध दिवसाला, म्हणजे दोन किलोच्या करडाला दोनशे मिली, चार-पाच वेळा वाटून.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी दोन शेळ्या बरोबरच व्यायल्या. राणीला तिळं झाली. शेळीला सड दोनच असतात, त्यामुळं तिसरं, जे दीड किलोचं पण नव्हतं, ते सारखं मागं ढकललं जायचं. आणि शेजारच्या कप्प्यात मुकीनं एकच करडू दिलं, ते मेलेलं जन्मलं. मुकी त्याला चाटत होती, मधेच थांबून हंबरत होती, आणि तिची कास भरून आलेली. मी तिसऱ्याला बाटलीवर घ्यायची तयारी करत होते. सासूबाईंनी ते बारकं उचललं, मुकीच्या वारेचं पाणी आणि चिकटा हातानं त्याच्या सगळ्या अंगाला चोळला, पाठीला, डोक्याला, शेपटीखाली तर जास्त, कारण शेळी तिथंच हुंगते, आणि अंधार करून तिच्या पुढं ठेवलं. मेलेलं आधीच नेलेलं होतं. मुकीनं हुंगलं, एकदा शिंग लावलं, मी पुढं सरकले तर सासूबाईंनी हात धरला. मग परत हुंगलं आणि चाटायला लागली. रात्रभर दोघींनी पाळी लावली, सड त्याच्या तोंडात धरून देत होतो, वर पिवळा बल्ब टांगलेला उबेसाठी. सकाळी ते स्वतः उठून ढुश्या देत पीत होतं. आज ती पाट, म्हणजे अजून न व्यायलेली तरुण शेळी, माझ्या कळपातल्या सगळ्यात तगड्या पाटींपैकी आहे.

सतरा करडं झाली त्या वेताला, पंधरा जगली. एक मेलेलं जन्मलं ते सांगितलंच, दुसरं पाचव्या आठवड्यात हगवणीनं गेलं. ती हगवण कॉक्सिडियाची, म्हणजे आतड्यातल्या बारीक परजीवींची होती, रक्ताची झाक असलेली. लेंडी तपासायला दिल्यावर नक्की कळलं, डॉक्टरांनी अम्प्रोलियम दिलं आणि बाकीची वाचली. महिनाभराच्या पुढं करडं एका ठिकाणी दाटली आणि खाली ओल असली की हे येतंच, म्हणून आता करडांचा कप्पा रोज झाडून, आठवड्याला चुना मारून कोरडा ठेवायचा हे घरातल्या प्रत्येकाला पाठ आहे. कप्पा असा की बारकी जाळीखालून आत जातात, आया जाऊ शकत नाहीत. आत कोवळी शेवरी टांगलेली, थोडा मक्याचा भरडा, चाटायची खनिजाची वीट, स्वच्छ पाणी. पंधरा दिवसांची झाली की पानं कुरतडायला लागतात, आणि जेवढं लवकर चावायला लागतात तेवढं त्यांचं पोट लवकर तयार होतं, मग आईपासून तोडताना वजन घसरत नाही. मी दर महिन्याला ताणकाट्यावर प्रत्येकाचं वजन करते, फडक्याची झोळी करून. जन्मताना दोन-सव्वादोन किलो, तीन महिन्यांना नऊ-दहा. ज्याचं वजन महिनाभर हललं नाही त्याच्याकडं बघायचं, ते खेळत असलं तरी.

पावसाळा वेगळा सांगितला पाहिजे. जंताच्या अळ्या ओल्या गवताच्या पात्यावर वर चढतात, म्हणून सकाळचं दव वाळल्याशिवाय कळप सोडायचा नाही, आणि गवतापेक्षा झुडपांकडं न्यायचा. शेळीचं मूळ खाणंच वरचा पाला आहे, ती मान खाली घालून चरायला लागली की जंत आलेच. आणि जंताचं औषध सगळ्यांना दर महिन्याला पाजत सुटायचं नाही, तसं केलं की जंत त्या औषधाला मरेनासे होतात. मी दर पंधरा दिवसांनी सगळ्यांच्या पापण्या बघते, ज्यांची फिकट झाली किंवा ज्यांच्या जबड्याखाली पाण्याची सूज दिसते त्यांनाच देते, आणि अख्ख्या कळपाला पावसाच्या आधी एकदा आणि नंतर एकदा. डोस वजनावर ठरतो, अंदाजानं नाही. खुरांसाठी दारात मोरचुदाच्या पाण्याचं उथळ टाकं, त्याच्यातून चालत आत यायचं.

ऑक्टोबरात सोयाबीन निघतं तेव्हा आणखी एक धोका. गेल्या साली मळणीच्या दिवसांत दोन शेळ्या दावं तोडून खळ्यावर पोचल्या आणि दाणे खाल्ले. संध्याकाळी एकीचं पोट नगाऱ्यासारखं झालं होतं, दात खात होती. खायचा सोडा पाण्यातून पाजला आणि लगेच डॉक्टरांना बोलावलं, ती वाचली, दुसरीनं कमी खाल्लं होतं. दाणा जास्त झाला की पोटात आम्ल वाढतं आणि शेळी रात्रीत जाते, गोडतेल पाजून सकाळची वाट बघत बसायचं नाही, तेल वायूच्या फुगीला चालतं, ह्याला नाही.

विक्रीत मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. आठ बोकड होते. सहा आखाडात विकले, आषाढात आमच्याकडं घरोघर देवाचं असतं, जत्रा असतात, आणि श्रावण लागला की मागणी एकदम बसते, म्हणून आखाडाच्या आधीच ठरवून टाकायचं. अंदाजानं, नुसतं उचलून बघून एकही विकला नाही. काटा लावला. वीस किलोच्या आसपास होते, चारशे रुपये किलो जिवंत वजनावर. व्यापाऱ्याला काटा आवडत नाही, तो म्हणतो ताई आमचा हात म्हणजेच काटा, पण मी काटा काढून ठेवते आणि मगच बोलते. दोन बोकड बकरी ईदसाठी ठेवले. ईदला वर्ष पूर्ण झालेला बोकड लागतो, दोन दात दिसले पाहिजेत. २०२४ ची ईद १७ जूनला होती, तेव्हा आमचे सातच महिन्यांचे, म्हणून पुढच्या वर्षीच्या ७ जूनपर्यंत सांभाळले. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं येते, त्यामुळं आज भरवलेल्या शेळीचा बोकड कुठल्या ईदला वर्षाचा होतो हे आधीच मोजावं लागतं. आणि कुर्बानीचा बोकड निर्व्यंग पाहिजे, कान फाटलेला नको, शिंग मोडलेलं नको, पाय लंगडा नको. विम्याचा बिल्ला मारताना कान फाटू नये म्हणून मी स्वतः उभी राहते ते ह्याच्यासाठी. ते दोघं अडतीस-अडतीस किलोचे झाले आणि अठरा-अठरा हजाराला घरून गेले, लातूरचे एक कुटुंब दरवर्षीचं ठरवूनच गेलंय.

म्हणजे पहिल्या वेताचे बोकडांचे ८४ हजार झाले, सात पाटी कळपात वाढल्या, आणि लेंडी खत घरच्या रानात गेलं त्यामुळं रासायनिक खताच्या पिशव्या कमी लागल्या. खुराक, औषधं, विमा, काट्यापासून ताडपत्रीपर्यंत सगळं धरून २५ हजाराच्या आसपास गेले. सुरुवातीला शेळ्या, बोकड आणि शेड मिळून दीड लाख घातले होते. आता ह्यात माझी आणि सासूबाईंची मजुरी धरलेली नाही, आणि हे मला ठासून सांगायचंय, कारण शेळीपालनाच्या यशोगाथांमध्ये कधीच बाईच्या मजुरीचा आकडा नसतो. पहाटे वाडा झाडणं, पाला कापणं, चरायला नेणं, रात्रीची वेतं, हे रोजचं चार-पाच तासांचं काम आहे. त्याचे रोजानं पैसे धरले तर पहिल्या वर्षी काही उरत नाही. दुसऱ्या वर्षापासून उरायला लागतं, ते कळप घरचा वाढल्यामुळं. राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० शेळ्या आणि ५ बोकडांच्या गटापासून पुढं ५० टक्के अनुदान आहे, लोक त्याच्यासाठी एकदम शंभर आणायला निघतात. योजना चांगली आहे, पण ज्यानं एक हिवाळा आणि एक पावसाळा दहा शेळ्यांवर काढला नाही त्यानं शंभर आणू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. शंभर शेळ्यांना दिवसाला चारशे किलो हिरवं लागतं, आणि बाहेरून आणलेल्या शंभर शेळ्यांमधली एक आजारी असली तर काय होतं ते शेजारच्या गावात बघितलंय.

सध्या घरात बोकडाचा विषय चालू आहे. सात पाटी आता भरवायच्या झाल्यात, वजनं पंचवीसच्या वर आहेत, पण त्यांचा बाप तोच बोकड, त्याच्याकडं त्या न्यायच्या नाहीत. रक्ताला रक्त लागलं की करडं कमी वजनाची, अशक्त येतात, आणि दोन पिढ्यांत सगळी निवड मातीत जाते. त्याला एका ओळखीच्यांकडं द्यायचं ठरलंय, बोकड अजून जोमात आहे. नवीन दोन ठिकाणी बघून ठेवलाय, एक निलंग्याकडचा आणि एक तुळजापूरकडचा, तीर्थ गावच्या शासकीय शेळी प्रक्षेत्रावर पण चौकशी करणार आहे. दोन्ही जुळ्यातले आहेत, पण निलंग्याच्या बोकडाच्या आईनं दोन्ही करडं स्वतःच्या दुधावर वाढवली, वरून दूध लागलं नाही, आणि त्याच्या अंडाच्या दोन्ही गोळ्या सारख्या आहेत, पायही सरळ. सासूबाईंना रंगासाठी तुळजापूरचा आवडलाय. मी निलंग्याचाच आणणार आहे, ह्याच महिन्यात, तीन आठवडे वेगळा ठेवून, लस आणि लेंडी तपासणी करून मग पाटींकडं सोडायचा, म्हणजे करडं डिसेंबरपर्यंत येतील आणि तोपर्यंत शेवरीची नवीन कापणी हाताशी असेल.